बोन! बोन! बोन! बर्लिनमधला एक बेशिस्त वर्ग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, ते तेवढं इथे दुरुस्त केलंय.

आधी एक कबुली. मागच्या वर्षी आमच्या चर्चमध्ये माझ्याकडे तरुण संघाची जबाबदारी आली. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे चर्चच्या सभासदांना ‘मंडळी’ म्हणतात, आणि मंडळीत एखादी सेवा तुमच्याकडे सोपवली जाते तेव्हा तिला ‘पाचारण’ असा भारदस्त शब्द आहे. म्हणजे देवाने बोलावलंय. प्रत्यक्षात बोलावलं होतं पाळकसाहेबांनी, उपासना संपल्यावर, चहाच्या टेबलापाशी. म्हणाले, “तू कॉम्प्युटरवाला आहेस, तरुण आहेस, तुला पोरं ऐकतील.”

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. गूगल फॉर्म पाठवला: ‘तुम्हाला कोणते विषय आवडतील?’ पोल घेतला, पोस्टर बनवलं. पहिल्या शनिवारी चारजण आले. त्यातली एक माझी मावसबहीण, आणि तिला मावशीने पाठवलं होतं.

तर त्या काळात मी शोधाशोध करत होतो की तरुणांना जोडून घेण्याचं हे काम आधी कुणी कसं केलंय. त्यात एक माणूस भेटला. डीट्रिश बोनहोफर. हे नाव तुम्ही ऐकलं असेल तर हिटलरच्या विरोधातल्या कटाशी जोडलेला पाळक म्हणून. ९ एप्रिल १९४५ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली, वय ३९. त्याच्यावर सिनेमे आहेत, जाडजूड चरित्रं आहेत. पण मला ज्या बोनहोफरबद्दल बोलायचंय तो २५ वर्षांचा आहे, आणि त्याच्यासमोर चाळीस-पन्नास पोरं गोंधळ घालतायत.

घर कसं होतं ते आधी सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. वडील कार्ल बोनहोफर बर्लिनमधले नामांकित मानसोपचारतज्ज्ञ, प्राध्यापक. घर ग्रुनेवाल्डमध्ये, म्हणजे झाडाबिडांची, बंगल्यांची वस्ती. एकूण आठ भावंडं. डीट्रिश २१व्या वर्षी डॉक्टरेट झाला. अशा घरातला, असा हुशार मुलगा. चर्चमध्ये अशी मुलं आपण पाहिलेली असतात. त्यांना सगळं येतं, फक्त समोरच्या माणसाशी बोलता येत नाही, असा आपला समज असतो.

याच्या बाबतीत तो समज चुकीचा होता. १९२८मध्ये तो एक वर्ष बार्सिलोनाला गेला, तिथल्या जर्मन मंडळीत साहाय्यक पाळक म्हणून. मुलांसाठी रविवारची शाळा सुरू करायची होती. पहिल्या रविवारी एक मुलगी आली. एकच! पुढच्या रविवारी पंधराएक झाली आणि त्यानंतर तीसच्या आसपास. (हे वाचून मला माझे चार जण एकदम बरे वाटायला लागले.)

तिथलाच एक प्रसंग त्याने पत्रात लिहून ठेवलाय. दहा वर्षांचा एक मुलगा त्याच्याकडे आला आणि रडायला लागला. त्याचा लाडका कुत्रा मेला होता. बराच वेळ रडून झाल्यावर त्याने विचारलं, तो मला स्वर्गात भेटेल ना? आता हा माणूस देवविज्ञानाचा डॉक्टर. त्या विषयात ‘प्राण्यांना आत्मा असतो का’ यावर शेकडो पानं लिहिली गेलीत. पण त्या मुलासमोर आपण फार लहान आहोत असं त्याला वाटलं. त्याने सांगितलं ते साधारण असं: देवाने माणसंही केली आणि प्राणीही केले, त्याचं प्राण्यांवरही प्रेम आहे, आणि जे एकमेकांवर प्रेम करतात ते देवाजवळ एकत्र राहतात. नक्की कसं, ते आपल्याला ठाऊक नाही. मुलगा शांत झाला.

मला यातलं ‘ठाऊक नाही’ फार आवडतं. मोठी माणसं ते सहसा गिळून टाकतात.

मग १९३०-३१ तो न्यूयॉर्कला शिकायला गेला. तिथल्या प्राध्यापकांपेक्षा त्याच्यावर परिणाम झाला हार्लेममधल्या अॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचा. फ्रँक फिशर नावाचा कृष्णवर्णीय सहाध्यायी त्याला तिथे घेऊन गेला. बोनहोफर तिथे रविवारच्या शाळेत शिकवू लागला, लोकांच्या घरी जाऊ लागला. परत येताना त्याने त्या चर्चमधल्या गाण्यांच्या ग्रामोफोन रेकॉर्ड आणल्या. त्या तो पुढे कितीतरी वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना ऐकवत होता.

आता बर्लिन. १९३१चा हिवाळा तोंडावर आलेला. १५ नोव्हेंबरला त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. विद्यापीठात तो शिकवत होताच. त्याच्याकडे दोन नवी कामं आली, आणि दोन्ही तरुणांमधली. दोन्ही एकाच वेळी, एकाच शहरात, एकाच माणसाने केली. एक विलक्षण जमलं. दुसरं सपशेल फसलं. मला हा भाग करावासा वाटला तो या जोडीमुळेच.

जमलं ते आधी.

शहराच्या उत्तरेकडे कामगारवस्तीत सियोन चर्च होतं. तिथे दृढीकरणाचा वर्ग होता. दृढीकरण म्हणजे काय, तर लहानपणी आईबापांनी बाप्तिस्मा दिलेला असतो, तो चौदा-पंधराव्या वर्षी मुलाने स्वतः उभं राहून ‘होय, हा माझा विश्वास आहे’ असं कबूल करायचं. त्याआधी शिकवणी असते. त्या काळच्या जर्मनीत हे बहुतेक सगळे करायचे, विश्वास असो-नसो. आपल्याकडे नास्तिक माणूसही मुलाची मुंज करतो, तसंच काहीसं.

या वस्तीतल्या घरांत माणसं दाटीवाटीने राहत होती. १९३२च्या सुरुवातीला जर्मनीत बेकारांचा आकडा ६० लाखांवर गेला होता. या पोरांचे बाप घरी बसून होते. वर्ग घेणारा म्हातारा पाळक हताश झाला होता, पोरं त्याला जुमानत नव्हती. तो बोनहोफरला घेऊन पहिल्यांदा वर्गाकडे निघाला तेव्हा पोरं जिन्याच्या कठड्यावर ओणवी होऊन खालून वर येणाऱ्या या दोघांच्या डोक्यावर कचरा टाकत होती. म्हाताऱ्याने कशीबशी त्यांना खोलीत ढकललं आणि सांगितलं, हे तुमचे नवे शिक्षक, यांचं नाव बोनहोफर. झालं! नाव ऐकताच पोरांनी एकसुरात सुरू केलं: बोन! बोन! बोन! म्हातारा निघून गेला. तो त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला. बोनहोफरने आपल्या एरविन झुट्झ या स्विस मित्राला लिहिलं की या पोरांनी त्याचा अक्षरशः जीव घेतला. अतिशयोक्ती असेल, पण फार नसावी.

बोनहोफर काय करतो? भिंतीला टेकून, हात खिशात घालून उभा राहतो. काहीच बोलत नाही. मिनिटं जातात. मग हळू आवाजात बोलायला लागतो, इतक्या हळू की पहिल्या रांगेतल्यांनाच ऐकू जावं. हार्लेमबद्दल सांगत होता. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून ती गप्प झाली. तास संपल्यावर त्याने सांगितलं, नीट ऐकलंत तर पुढच्या वेळी आणखी सांगेन.

इथपर्यंतची गोष्ट नेतृत्वावरच्या पुस्तकात शोभेल अशी आहे, आणि अशा पुस्तकांचा मला मनापासून कंटाळा आहे. हळू आवाजाची युक्ती कुणीही शिकू शकतं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलीसुद्धा होती. त्याने नंतर जे केलं, ते मात्र शिकवता येत नाही.

१९३२ उजाडल्यावर त्याने ग्रुनेवाल्डच्या बंगल्यातून बिऱ्हाड हलवलं आणि त्या वस्तीतच, ओडरबेर्गर रस्त्यावर, एका बेकरीवाल्याच्या घरात भाड्याने खोली घेतली. घरमालकिणीला सांगून ठेवलं की मी नसलो तरी पोरांना वर सोडत जा. मग रोज संध्याकाळी दोन-चार पोरं, पाळीपाळीने. पाळी नसली तरी आलं तर चालायचं. एकत्र जेवण. जेवणानंतर खेळ. त्याने त्यांना बुद्धिबळ शिकवलं आणि पोरांना त्याचं वेडच लागलं. रात्री निघण्याआधी बायबलमधला थोडा भाग आणि त्यावर थोडं बोलणं. शनिवार-रविवारी शहराबाहेर सहली. ईस्टरच्या सुट्टीत काहींना तो हार्त्स डोंगरात, फ्रीडरिश्सब्रुन गावातल्या आपल्या घरच्यांच्या सुट्टीच्या घरात घेऊन गेला आणि आईबाबांना कळवलं की एक खिडकीची काच सोडली तर घर जसंच्या तसं आहे. वर्गातला एक मुलगा हॉस्पिटलमध्ये होता, त्याला भेटायला तो आठवड्यातून दोन-तीनदा जायचा.

आणि कपडे. दृढीकरणाच्या दिवशी नवा सूट लागतो. बेकार बापाने तो आणायचा कुठून? बोनहोफरने कापडाचा एक मोठा तागा विकत घेतला आणि त्यातून पोरांना सुटाचं कापड कापून दिलं. यात मला एक गोष्ट लक्षात आली. दोघांनाच मदत केली असती तर ते दोघे गरीब ठरले असते. एकाच ताग्यातलं कापड असल्यावर कोण गरीब ते कळतच नाही. आमच्याकडे नाताळात गरजूंना कपडे वाटतात, स्टेजवर बोलावून, फोटो काढून. असो.

पण हे सगळं त्याला सहज जमत होतं असं समजू नका. मुलांच्या घरी जाऊन आईबापांशी बोलायची वेळ आली की त्याची पाचावर धारण बसायची. झुट्झला लिहिलेल्या एका पत्रात तो म्हणतो की या घरांमध्ये उभा असताना वाटतं, देवविज्ञानाऐवजी रसायनशास्त्र शिकलो असतो तरी या कामासाठी इतकाच तयार असतो. डॉक्टरेट झालेला माणूस हे लिहितोय! घरात गरिबी, कलह, कधी पोरगा नको तिथे वाढलेला, आणि हा दारात उभा, काय बोलावं ते सुचत नाही. ते पत्र वाचलं तेव्हा बी.टेक.च्या चार वर्षांत मी काय काय शिकलो आणि त्यातलं शनिवारी संध्याकाळी काय उपयोगी पडतं, याची यादी माझ्या डोळ्यांसमोर आली. यादी छोटी होती.

१३ मार्च १९३२ला दृढीकरण झालं. त्याच रविवारी जर्मनीत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी होती. हिंडेनबुर्ग विरुद्ध हिटलर. हिटलरला ३० टक्के मतं पडली, म्हणजे १ कोटी १३ लाखांच्या आसपास. बाहेर रस्त्यावर झेंडे आणि घोषणा, आणि आत नव्या सुटांतली पोरं. बोनहोफरने प्रवचनाला उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोबाचा उतारा घेतला. रात्रभर देवाशी झुंजणारा याकोब, जो ‘आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही’ म्हणतो आणि शेवटी लंगडत निघतो, पण तोवर सूर्य उगवलेला असतो. पोरांना धाक घालायचा नाही, हे त्याने ठरवलेलं होतं. आयुष्याने त्यांना पुरेसा घातला होता.

आता फसलेलं काम.

शार्लोटेनबुर्गमध्ये तंत्रशिक्षणाचं मोठं विद्यापीठ होतं. म्हणजे, आपल्या भाषेत, इंजिनीअरिंग कॉलेज. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी चर्चने पहिल्यांदाच एक पाळक नेमला, तोच हा. त्याने भेटीच्या वेळा ठरवल्या, व्याख्यानं ठेवली, प्रार्थना ठेवल्या, सूचनाफलकावर कागद लावले. कुणी फारसं आलं नाही. कागद फाडले जायचे. तो पुन्हा लावायचा. पुन्हा फाडले जायचे. दीड-दोन वर्षांनी हे काम गुंडाळलं गेलं. प्रयोग फसला, हे त्याचा मित्र आणि चरित्रकार एबरहार्ड बेटगेनेही आडपडदा न ठेवता लिहिलंय.

हे वाचून मी मोठ्याने हसलो. इंजिनीअरिंगची पोरं, अजून काय! परीक्षा, सबमिशन आणि ‘याचा उपयोग काय?’ हा एकच प्रश्न. पण लगेच दुसरं सुचलं. सियोनच्या पोरांसाठी त्याने राहतं घर बदललं. इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी त्याने कागद लावला. माझा गूगल फॉर्म म्हणजे तोच कागद की. फाडायचीही कुणाला गरज वाटली नाही, एवढाच फरक.

अर्थात हे उत्तर फार सोपं झालं, आणि मला स्वतःलाच ते पुरेसं वाटत नाही. कारण इंजिनीअरिंगची पोरं कुणाकडेच जात नव्हती, असं मुळीच नाही. ती जात होती. १९३१च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या देशभरच्या विद्यार्थी संघटनेचं नेतृत्व नाझी विद्यार्थ्यांच्या हातात आलं होतं. हिटलर सत्तेवर येण्याच्या दीड वर्ष आधी! आजच्या भाषेत सांगायचं तर त्या वेळी तरुणांशी ‘कनेक्ट’ होण्यात नाझींइतकं पटाईत कुणी नव्हतं. त्यांच्याकडे गाणी होती, गणवेश होते, शेकोट्या, पदयात्रा, सहली होत्या. तरुणांचा पुढारी बाल्डुर फॉन शिराख बोनहोफरपेक्षा वर्षाने लहान होता. तरुणांना जागा द्या, त्यांना महत्त्व द्या, त्यांच्यातलाच पुढारी द्या: आज आमच्या चर्चच्या शिबिरात फळ्यावर जे मुद्दे लिहितात ते सगळे त्यांनी करून दाखवले होते.

मग फरक काय राहिला? पोरं जमवणं हीच कसोटी असेल तर बोनहोफर हरला आणि शिराख जिंकला, आकडेवारीसकट.

या प्रश्नावर बोनहोफर स्वतः बोलला, आणि कुठे बोलला तर रेडिओवर. म्हणून हा भाग पॉडकास्टवर करायला मला जास्तच मजा आली. ३० जानेवारी १९३३ला हिटलर चान्सेलर झाला. दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, बर्लिन रेडिओवर बोनहोफरचं भाषण होतं. विषय: तरुण पिढी आणि ‘फ्यूरर’ म्हणजे नेता ही कल्पना. भाषण आधीच ठरलेलं होतं. हिटलरचं नाव त्यात नव्हतं, पण बाहेर काय चाललंय ते ऐकणाऱ्यांना कळत होतं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. ही पिढी युद्धात, पराभवात आणि पैशाची किंमत शून्य झालेली पाहत वाढली. वडीलधाऱ्यांवरचा, जुन्या व्यवस्थेवरचा तिचा विश्वास उडाला. म्हणून ती एका माणसात सगळं शोधते. आता बाप, शिक्षक, न्यायाधीश यांचा अधिकार त्यांच्या पदातून येतो आणि त्या पदाची एक हद्द असते. या नव्या नेत्याचा अधिकार मात्र त्याच्या व्यक्तिमत्त्वातून येतो, आणि तो अनुयायांनीच त्याला दिलेला असतो. त्यामुळे त्याला हद्द नाही. खऱ्या नेत्याने अनुयायांना सारखं आठवण करून द्यायला हवं की मी तुमचं सर्वस्व नाही. त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर उभं करायला हवं, मग त्यात त्यांचा अपेक्षाभंग झाला तरी चालेल. तो स्वतःची मूर्ती होऊ देऊ लागला, तर नेत्याचा भुलवणारा होतो. जर्मनमध्ये हे दोन शब्द अगदी जवळचे आहेत, फ्यूरर आणि फरफ्यूरर. एका उपसर्गाचं अंतर.

बाप, शिक्षक, न्यायाधीश यांच्या पदावर त्याचा इतका भरवसा होता, तो मला सगळाच पटत नाही. जुन्या वळणाच्या घरातला माणूस होता, ते जाणवतं. आणि थोड्याच महिन्यांत त्याच जर्मनीतले न्यायाधीश आणि प्राध्यापक रांगेने नव्या सत्तेपुढे वाकले, तेही पदावर बसूनच. पण ‘पाचारण’ या शब्दाकडे मात्र मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो. काम तुम्हाला दिलेलं असतं. ते तुमचं नसतं. उद्या दुसऱ्या कुणाला देतील. पोरं तुमच्या प्रेमात पडली तर त्यात धोका त्यांना आहे, आणि तुम्हालाही. सियोनच्या खोलीत पोरांना बुद्धिबळ शिकवणारा माणूस हेच करत होता, कारण बुद्धिबळ येऊ लागल्यावर पोरं एकमेकांशी खेळतात, शिकवणारा लागत नाही.

भाषण संपायला थोडी वाक्यं उरली असताना प्रक्षेपण तुटलं. मुद्दाम तोडलं की वेळ संपली म्हणून, यावर अजून वाद आहे. बोनहोफरला काळजी लागली ती वेगळीच. शेवट गेल्यामुळे ऐकणाऱ्यांना वाटेल की मीही या नेत्याचं स्वागतच करत होतो! म्हणून त्याने भाषणाच्या प्रती काढून नातेवाइकांना आणि मित्रांना पाठवल्या आणि सोबत लिहिलं की शेवटची वाक्यं ऐकवली गेली नाहीत. नंतर मार्चमध्ये त्याने ते वाढवून व्याख्यान म्हणून दिलं.

पुढचं भराभर घडलं. बेकार तरुणांसाठी शार्लोटेनबुर्गमध्ये त्याने १९३२च्या शरदात एक मंडळ उघडलं होतं. जागेचा खर्च एका ज्यू मैत्रिणीने उचलला होता. नाझी सत्तेत आल्यावर ते बंद करावं लागलं. डिसेंबर १९३३मध्ये नाझींच्या मर्जीतल्या राइश बिशपने चर्चच्या तरुण संघटना हिटलर यूथच्या हवाली केल्या, एका सहीने. लाखो मुलं. ज्या वर्षानुवर्षांच्या कामावर चर्चला अभिमान होता, ते सगळं तयार गणवेशासकट दुसऱ्याच्या हातात गेलं.

त्याच सुमारास बोनहोफरने चर्चमधल्या तरुण कार्यावर काही मुद्दे लिहिले होते. त्यात एक गोष्ट त्याने सरळ सांगितली: चर्चचं भविष्य तरुण नाहीत, ख्रिस्त आहे. तरुणाईचं वारं म्हणजे पवित्र आत्मा नव्हे. चर्चमध्ये तरुणांना खास जागा नाही, सगळ्यांना आहे ती जागा आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. प्रत्येक युवा मेळाव्यात ‘तुम्ही उद्याची मंडळी आहात’ हे ऐकत मी मोठा झालो. पण जरा विचार केला तर ‘उद्याची’ म्हणजे आजची नाही, हेच त्यात म्हटलेलं असतं. आणि ज्या देशात जो तो तरुणांच्या नावाने जयजयकार करत होता, तिथे हा २७-२८ वर्षांचा पोरगा म्हणत होता की वय ही काही पात्रता नाही.

आता वर्ध्याचा एक धागा. १९३३च्या शेवटी बोनहोफर लंडनला गेला, तिथल्या जर्मन मंडळ्यांचा पाळक म्हणून. भारतात येऊन गांधींना भेटायचं हे त्याच्या मनात बरीच वर्षं होतं. ऑक्टोबर १९३४मध्ये त्याने गांधींना पत्र लिहिलं, चिचेस्टरच्या बिशप बेल यांनीही शिफारस केली. १ नोव्हेंबर १९३४ला वर्ध्याहून उत्तर गेलं. उत्तर अगदी गांधींना शोभेल असं, हिशोबी: येण्याजाण्याचे आणि महिन्याला माणशी शंभरेक रुपये खर्चाचे असतील तर कधीही या, आणि लवकर या, म्हणजे थंडी मिळेल. बोनहोफर आला नाही. १९३५मध्ये त्याला दुसरं पाचारण आलं: नाझींपुढे न वाकणाऱ्या चर्चसाठी तरुण पाळक तयार करायचे. फिंकेनवाल्ड नावाच्या गावात वीसपंचवीस पोरं घेऊन तो एकत्र राहिला. प्रार्थना, अभ्यास, टेबल टेनिस आणि हार्लेमहून आणलेल्या त्याच रेकॉर्ड. १९३७मध्ये गेस्टापोने ते बंद केलं.

सियोनच्या पोरांचं काय झालं, हे मला सारखं डोक्यात येत होतं. १९३२मध्ये चौदा-पंधरा वर्षांची, म्हणजे १९३९मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा २१-२२ वर्षांची. हिशोब करून बघा. ती पिढी कुठे गेली असेल ते कळतं.

त्यातल्या एकाने युद्धानंतर त्या वर्गाची आठवण लिहिली. त्यात याकोब नाही, हिटलर नाही. एकदा तास चालू असताना एका पोराने डबा काढला आणि सँडविच खायला लागला. त्या वर्गात ही काही मोठी गोष्ट नव्हती. बोनहोफर काही बोलला नाही. त्याने त्या पोराकडे बघितलं, शांतपणे, मायेने, बराच वेळ. पोराने सँडविच परत डब्यात ठेवलं.

या शनिवारी आमच्याकडे सहाजण आले होते. भेटू पुढच्या भागात.